‘आलोच पाच मिनिटांत’: जवळच्या फेरीसाठी बाइकवर घालायचं गिअर कसं निवडावं, कुठं ठेवावं आणि कसं चढवावं

चारशे किलोमीटरच्या प्रवासाला निघणारा माणूस आदल्या रात्रीच जॅकेट काढून ठेवतो, व्हायझर म्हणजे हेल्मेटची पुढची काच पुसतो, बुटांच्या नाड्या ओढून बघतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी औषधाची एक पट्टी आणायला निघतो, तेव्हा अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट, पायांत सपाता, आणि हेल्मेट असलंच तर कोपरात अडकवलेलं. मीही त्यातलाच. फक्त हेल्मेट मात्र डोक्यावर असायचं.

असाच एकदा निघालो होतो. जाऊन-येऊन दोन किलोमीटरही नव्हतं. घराजवळच्याच वळणावर कुणीतरी खडी उतरवून नेली होती आणि तिची बारीक चुरी रस्त्यावर तशीच पसरलेली. वेग ताशी पंचवीसच्या पुढे नसावा. पुढचं चाक गेलं आणि मी डाव्या तळहातावर उतरलो. हाड मोडलं नाही, डोक्याला काही झालं नाही. पण तळहाताची कातडी सोलून निघाली आणि आत खडी रुतून बसली. परिचारिकेने सलाइनची धार सोडून ब्रशने ती एकेक करून काढली, तेव्हाचा आवाज अजून कानात आहे: कण स्टीलच्या ट्रेमध्ये पडायचा आणि टिक् व्हायचं. पुढचे तीन आठवडे शर्टाचं बटण लावायला, नळ फिरवायला, टूथपेस्टचं झाकण उघडायला दुसऱ्याचा हात लागायचा. हातमोजे त्या वेळी घरात होते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लांबच्या प्रवासाच्या बॅगेत.

हा लेख त्या कपाटाबद्दल आहे. कोणतं गिअर, म्हणजे हेल्मेट, हातमोजे, बूट, जॅकेट असा अंगावरचा संरक्षक साज, चांगलं हे सांगणारं पुष्कळ साहित्य मिळतं. ते पाच मिनिटांच्या फेरीला अंगावर कसं येईल, हा मला जास्त अवघड प्रश्न वाटतो.

जवळची फेरी खरंच कमी धोक्याची असते का?

दुचाकीच्या अपघातांचा पहिला मोठा, जागेवर जाऊन केलेला अभ्यास संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये केला. ९०० अपघातांची प्रत्यक्ष पाहणी करून १९८१ साली अहवाल आला. त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली आहे: बहुतेक अपघात खरेदी, किरकोळ कामं, मित्रांकडे जाणं अशा छोट्या फेऱ्यांत होतात, आणि तेही निघाल्यावर थोड्याच वेळात, निघालेल्या ठिकाणाच्या जवळ. धडकेच्या क्षणी वेगाचा मध्यक ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे निम्मे अपघात त्याहून कमी वेगात झाले.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. जवळच्या फेरीत चौक जास्त, वळणं जास्त, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं जास्त. टायर अजून गार असतात. डोकं बाइकवर नसतं, ते ‘दुकान बंद तर होणार नाही ना’ यात असतं. आणि रस्ता रोजचा, म्हणून डोळे तो बघतच नाहीत, आठवतात. खडी काल नव्हती, म्हणून आजही नसेल असं मी धरून चाललो होतो.

वेग कमी म्हणजे मार कमी, हे अर्धंच खरं. बाइकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. बाइक उभी असताना ते तिथून नुसतं खाली आलं, तरी आपटताना वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ जातो. बाइक किती वेगात होती याचा त्याच्याशी संबंध नाही, हे काम गुरुत्वाकर्षणाचं. पुढे जाण्याचा वेग त्यावर आणखी पडतो. ताशी ३५ ने सरळ एखाद्या खांबावर आदळणं म्हणजे पावणेपाच मीटर उंचीवरून पडणं. आणि ताशी ४० ने पडून डांबरावरून घसरत गेलात, तर थांबेपर्यंत सुमारे दहा मीटर जातात. त्या दहा मीटरमध्ये शर्टाचं काय होतं, हे प्रत्येकाने आपापल्या शर्टाकडे बघून ठरवावं.

पहिल्या महायुद्धातल्या अरब उठावामुळे गाजलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स ऊर्फ ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ यांचा शेवटही अशाच एका फेरीत झाला. १३ मे १९३५ रोजी ते डॉर्सेटमधल्या आपल्या घरून बव्हिंग्टनच्या छावणीतल्या पोस्टात तार करायला गेले होते. अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. परतताना रस्त्यातल्या खोलगट भागापलीकडे सायकलवरची दोन मुलं एकदम समोर आली, त्यांना चुकवताना ब्रफ सुपीरिअर बाइकवरून ते फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेले. त्यांना तपासायला आलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्सनी लष्करातल्या निरोप्या बाइकस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटचं महत्त्व मांडलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आज आपण जे हेल्मेट घालतो त्याची गोष्ट एका तारेच्या फेरीपासून सुरू होते, असं म्हटलं तर फार चूक नाही.

पहिलं काम: ‘किमान’ ठरवून टाका

गिअरवाल्या मंडळींत एक घोषणा आहे, ‘ऑल द गिअर, ऑल द टाइम’. सगळं गिअर, सगळा वेळ. तत्त्व म्हणून बिनतोड. पण माझा अनुभव असा, की ‘सगळं’ म्हटलं की माणूस एके दिवशी कंटाळतो आणि त्या दिवशी काहीच घालत नाही. म्हणून मी दुसऱ्या बाजूने आलो. ज्याच्याशिवाय किल्ली फिरवायचीच नाही असा संच ठरवला: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट. गुडघे पाचवे, आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

हे ठरवताना अंतर, वेळ आणि ‘रस्ता मोकळा असेल’ हे तिन्ही मुद्दे बाद. दाराशी उभं राहून रोज नव्याने विचार केला तर रोज नवी पळवाट सापडते.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर माझा क्रम हेल्मेट, हातमोजे, बूट, जॅकेट, पॅन्ट असा आहे. हातमोजे जॅकेटच्या आधी का, याचं उत्तर माझ्या तळहातावर आहे.

हेल्मेट: इथं वेळ घालवा

हेल्मेट घालणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला.

हेल्मेटचं काम कवच करतं असा समज आहे. खरं काम आतल्या पांढऱ्या थर्माकोलसारख्या थराचं. तो दाबला जाऊन चिरडतो आणि डोक्याला थांबायला थोडी जास्त जागा, थोडा जास्त वेळ मिळतो. एकदा चिरडलेला तो थर परत फुगत नाही. म्हणून मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी ते संपलं. धडधाकट हेल्मेटही साधारण पाच वर्षांनी बदला, असं बहुतेक उत्पादक सांगतात.

आता जवळच्या फेरीच्या दृष्टीने एक गंमत. युरोपीय ईसीई मानकाच्या जुन्या आवृत्तीत हेल्मेट आपटायचा मुख्य वेग होता सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. नव्या २२.०६ आवृत्तीत त्यासोबत ६ आणि ८.२ मीटरच्या चाचण्याही आल्या, शिवाय तिरक्या आघाताची. हे सगळे वेग गल्लीतले आहेत. ‘एवढ्या कमी वेगात हेल्मेट कशाला’ म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही, की ते तपासलं जातं तेच या वेगांना.

निवडताना हे करा. मापाची पट्टी भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, डोक्यामागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. तो आकडा घेऊन जा, पण त्यावर विसंबू नका, कारण डोकी गोल असतात तशी लांबटही असतात. हेल्मेट घालून गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना आतून गाल चावल्यासारखा वाटावा. कपाळावर मात्र एकाच जागी टोचता कामा नये. वीस मिनिटं तसंच डोक्यावर ठेवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. मग हाताने हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कातडी सोबत सरकली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. शेवटची परीक्षा: पट्टा लावा, मान वाकवा आणि दुसऱ्याला हेल्मेटची मागची कड धरून वर, पुढच्या बाजूला ढकलायला सांगा. निघून आलं तर तिथंच परत द्या. रस्त्यावरही ते असंच निघेल.

हनुवटी झाकलेलीच हवी, हा माझा हट्ट आहे. जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेटांवरच्या माराच्या जागा मोजल्या गेल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर निघाला. अर्धं हेल्मेट नेमका तोच भाग उघडा सोडतं. फाटकावर, काउंटरवर दर वेळी पूर्ण हेल्मेट काढायचा कंटाळा येत असेल तर पुढचा भाग वर उचलता येणारं मॉड्युलर घ्या. जवळच्या फेऱ्यांना ते खरंच सोयीचं पडतं. अट एकच: चाक फिरायला लागलं की तो भाग खाली, खट् आवाज येईपर्यंत.

पट्टा. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. लावून झाल्यावर तोंड मोठं उघडा; हेल्मेट माथ्यावर दाबल्यासारखं वाटलं पाहिजे. न लावलेल्या पट्ट्याचं हेल्मेट पहिल्या धक्क्याला डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. घाईच्या फेरीत नेमकं हेच सुटतं, आणि लावायला लागतात चार सेकंद.

हात: पडणारा माणूस आधी हातच टेकतो

हे ठरवून होत नाही. तोल गेला की हात पुढे जातो, तुम्ही कितीही वेळा ‘अंग गोळा करायचं’ असं वाचलेलं असो. तळहाताच्या अंगठ्याकडच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडल्यावर ते मोडतं, आणि त्याला होणारा रक्तपुरवठा बेताचाच असल्याने जुळायला महिने घेतं. म्हणून चांगल्या हातमोज्यात तळहाताच्या टाचेवर कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा असतो. तो हाताला डांबरावर घट्ट पकड घेऊ देत नाही, पुढे सरकू देतो. मनगटाला बसणारा झटका त्याने कमी होतो.

घेताना चार गोष्टी पाहा: पूर्ण बोटं, तळहातावर दुहेरी थर, बोटांच्या सांध्यांवर संरक्षण, आणि मनगटावर आवळता येणारा पट्टा. पट्टा लावून दुसऱ्या हाताने हातमोजा बोटांकडून खेचा. सरकन निघाला तर उपयोग नाही, कारण घसरताना रस्ताही तसाच खेचणार. युरोपीय मानक ईएन १३५९४ मध्ये ही खेचण्याची चाचणीच आहे. अर्ध्या बोटांचे सायकलवाले मोजे, लोकरीचे मोजे, बागकामाचे मोजे यांना मी हातमोजे धरत नाही.

जवळच्या फेरीसाठी मनगटापर्यंतचे आखूड, हवा खेळणारे मोजे पुरेसे. लांब कॉलरवाले चढवायला वेळ घेतात आणि मग घरी राहतात. इथं थोडं संरक्षण सोडून जास्त वापर पदरात घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाय

बाइक पडते तेव्हा ती बऱ्याचदा पायावरच पडते. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं बाहेर आलेली, वर मांस नाही, आणि एका बाजूला फुटरेस्ट, दुसऱ्या बाजूला डांबर. सपाता तर पहिल्या क्षणी उडून जातात. अनवाणी पाय घासत जातो.

बाइकचे खास बूट नसतील तर किमान घोट्याच्या वर जाणारे, जाड तळव्याचे चामडी बूट घाला. साध्या बुटाची परीक्षा अशी: टाच आणि चवडा दोन हातांत धरून ओला टॉवेल पिळावा तसा पिळा. सहज पिळला गेला तर बाइकखाली तुमचा पायही तसाच पिळला जाईल. नाडीची टोकं आत खोचा. सैल नाडी फुटरेस्टला किंवा गिअरच्या दांड्याला अडकली, की सिग्नलला पाय टेकायला जाता आणि तो येतच नाही. बघणाऱ्याला हसू येतं, पडणाऱ्याला नाही.

फेऱ्यांसाठी बाजूला चेन असलेले आखूड बूट सगळ्यात कामाचे. नाडी एकदा बांधून ठेवायची, पुढे फक्त चेन ओढायची.

जॅकेट आणि त्यावरची अक्षरं

युरोपीय मानक ईएन १७०९२ नुसार बाइकच्या कपड्यांना एएए, एए, ए, बी, सी असे वर्ग आहेत. एएए सर्वांत मजबूत, शर्यतीच्या चामडी सूटच्या तोडीचं, आणि अंगात जड. ए हलकं. बी म्हणजे ए सारखंच कापड, पण पॅड नाहीत. सी म्हणजे फक्त पॅड जागेवर धरणारी जाळी, घसरण्यापासून संरक्षण नाही. ती दुसऱ्या मजबूत कपड्याखाली घालायची वस्तू आहे. जवळच्या फेऱ्यांना ए किंवा एए वर्गाचं, पुढून चेनचं, जाळीदार जॅकेट मला योग्य वाटतं. एएए घरात असेल तर उत्तमच, पण ते दोन किलोमीटरला चढवाल का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा.

पॅडांवर ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ असं छापलेलं असतं. कोपर-खांद्याच्या पॅडमधून पलीकडे पोचणारं बळ लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत हवं, लेव्हल २ ला २० च्या आत. आकडे लक्षात नाही राहिले तरी चालेल, दोनवाला जास्त शोषतो एवढं पुरे. पाठीच्या खिशात मात्र हात घालून बघाच. पुष्कळ जॅकेटांत तिथं नुसता स्पंजचा तुकडा असतो, कुठलाही शिक्का नसलेला. तो काढून खरा पाठीचा पॅड घालता येतो.

माप उभ्याने बघू नका. बाइकवर बसा, किंवा खुर्चीवर बसून हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. मग कोपराचा पॅड कोपरावरच आहे ना ते तपासा. सैल बाहीत पॅड फिरून आतल्या बाजूला जातो आणि नेमकं हाड उघडं पडतं.

गिअर म्हणून विकलं जाणारं सगळंच टिकतं असं नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात संशोधक लिझ डी रोम यांनी अपघातग्रस्त बाइकस्वारांचं गिअर तपासलं, २०११ साली निष्कर्ष आले. गिअर घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. पण सुमारे ३० टक्के जॅकेटं आणि २६ टक्के हातमोजे अपघातात फाटले किंवा उसवले होते. म्हणून शिवण बघा. खांदा, कोपर आणि तळहातावर एकेरी शिवण असेल तर ते फॅशनचं जॅकेट आहे. त्याच देशात २०१८ पासून मोटोकॅप नावाच्या उपक्रमात गिअर प्रयोगशाळेत तपासून ताऱ्यांत गुण दिले जातात, संरक्षणाचे वेगळे आणि उकाड्यात किती सुसह्य आहे त्याचे वेगळे. खरेदीपूर्वी बघण्यासारखं आहे.

रंगाबद्दल एकच. न्यूझीलंडमधल्या २००४ च्या अभ्यासात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि पांढऱ्या हेल्मेटवाल्यांचा काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी. काळं जॅकेट घेतलंच असेल तर वर परावर्तक पट्टा चढवा. संध्याकाळच्या फेरीत तर नक्कीच.

गुडघे, ज्यांच्याबद्दल मी तडजोड करतो

साधी जीन्स घसरताना सेकंदभरही धड टिकत नाही. अरॅमिड (केव्हलारच्या जातीच्या मजबूत) धाग्याची, गुडघ्याला पॅड असलेली जीन्स दिवसभर घालता येते; ती रोजची पॅन्टच करून टाकली तर प्रश्न मिटतो. नाहीतर कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी चेन असलेली वरची पॅन्ट, जी बूट न काढता चढते. तेही जमत नसेल तर पॅन्टवरून पट्ट्यांनी बांधायचे गुडघ्याचे गार्ड. मी फेऱ्यांना हेच वापरतो. अर्धी चड्डी मात्र नाही. पडायचीही गरज नाही, गरम सायलेन्सर पोटरीला लागला तरी महिनाभर आठवण राहते.

सगळं दाराशी आणा

इतकं सगळं घेऊन ते कपाटात ठेवलं, तर माझ्यासारखी गत होते. म्हणून या लेखातलं खरं काम हे आहे.

बाहेर पडायच्या दारापासून हात पोचेल इतक्या अंतरावर दोन मजबूत हूक ठोका. एकावर जॅकेट, चेन उघडी ठेवून. त्याच्यावर किंवा शेजारी फळीवर हेल्मेट, तोंड वर करून. खाली बूट, टाचा भिंतीकडे, म्हणजे उभ्याउभ्या पाय घालता येतो. परावर्तक पट्टा जॅकेटवरच, काढायचाच नाही. गुडघ्याचे गार्ड बुटांत खोचलेले.

आणि बाइकची किल्ली डाव्या हातमोज्याच्या आत.

ही शेवटची युक्ती मी बरीच डोकेफोड केल्यावर शोधली. आधी चिठ्ठी लावून पाहिली, फोनवर आठवण लावून पाहिली, घरच्यांना टोकायला सांगून पाहिलं. चिठ्ठी आठवड्यात डोळ्यांना दिसेनाशी होते, आणि टोकणाऱ्यावर आपण चिडतो. किल्ली मात्र लागतेच. ती काढायला मोजा हातात येतो, आणि हातात आलेला मोजा परत ठेवण्यापेक्षा घालणं सोपं जातं. जादाची किल्ली घरात लटकत असेल तर तिला लांब कुठंतरी पाठवा, नाहीतर ही व्यवस्था पहिल्याच घाईत मोडेल.

मग एकदा घड्याळ लावून मोजा. हूकपासून निघायला तयार होईपर्यंत. मला पहिल्यांदा दोन मिनिटं दहा सेकंद लागले, त्यातला मिनिटभर नाड्या बांधण्यात. बूट बदलल्यावर पन्नास सेकंदांवर आलो. ‘वेळ नाही’ हे कारण आकड्यात आलं, की ते स्वतःलाही सांगवत नाही.

चढवायचा क्रम

बूट, गुडघे, जॅकेट, हेल्मेट, पट्टा, हातमोजे. हातमोजे शेवटी, कारण ते घातले की पट्टा धड लावता येत नाही. चष्मा असेल तर हेल्मेटनंतर. फोन आणि पाकीट जॅकेटच्या चेनवाल्या खिशात, पण छातीवर नाही आणि कमरेच्या हाडावरही नाही; पडताना किल्ल्यांचा जुडगा किंवा फोन हाडात घुसतो. गळ्यात लांब स्कार्फ असेल तर टोकं जॅकेटच्या आत.

बाइकवर बसल्यावर चार ठिकाणी लक्ष: पट्टा, व्हायझर, जॅकेटची चेन, साइड स्टँड. गडद काचेचा व्हायझर दुपारी घालून गेलात आणि परतायला अंधार झाला, तर पंचाईत होते. फेऱ्यांच्या हेल्मेटला पारदर्शक काचच ठेवा.

उकाडा आणि पाऊस

उकाडा हे गिअर न घालण्याचं सर्वांत प्रामाणिक कारण. त्यावर माझा उपाय असा: जॅकेट आणि हेल्मेट घरात नाही, बाइकशेजारी सावलीत चढवायचं. किल्ली आधी बाइकला लावलेली, बाइक दिशेला लावलेली, मग चेन, आणि लगेच निघायचं. जाळीदार जॅकेटला हवा लागली की सुसह्य होतं. हाल होतात ते उभं राहण्यात. हवा अंगापेक्षा गरम असेल तेव्हा नुसती जाळी उलट भाजते. तेव्हा आतला बनियन पाण्यात पिळून घाला, वाळेपर्यंत गारवा देतो.

पावसात व्हायझरवर वाफ धरते. आतून लावायची पिनलॉक काच हा पक्का इलाज. नसेल तर व्हायझर एक खाच उघडा ठेवा. ओले हातमोजे हीटरवर किंवा उन्हात कडक वाळवू नका, चामडं तडकतं.

पोचल्यावर हे सामान कुठं?

या प्रश्नापायी अनेकजण जॅकेट घरीच ठेवतात. बाइकला मागे पेटी असेल तर बोलायलाच नको. नसेल तर सायकलची वायरची कुलूपकडी घ्या: जॅकेटच्या एका बाहीतून आणि हेल्मेटच्या हनुवटीच्या भागातून ओवून बाइकला लावा. पट्ट्यातून ओवू नका, पट्टा कापून नेतात. हेल्मेट आरशावर टांगू नका, आरशाचा दांडा आतला मऊ थर दाबून खड्डा पाडतो. सीटवरही नाही, वारा किंवा जाणारा-येणारा पाडतोच. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ त्या थराला आणि प्लास्टिकच्या कवचाला खाते.

मागे बसणारा माणूस

‘मी फक्त पुढच्या चौकापर्यंत’ म्हणून मागे बसणाऱ्यालाही तोच रस्ता लागतो, आणि त्याला तर धरायला हँडलही नाही. दाराशी तिसरा हूक ठोका, त्यावर दुसरं हेल्मेट आणि हातमोज्यांचा जादा जोड. मूल असेल तर त्याच्या मापाचंच हेल्मेट. मोठ्याचं हेल्मेट आत कापड कोंबून घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. आणि पाय फुटरेस्टला पोचत नसतील तर ते मूल अजून मागे बसण्याएवढं झालेलं नाही.

कुणी पडलंच तर

पडलेल्याला श्वास घेता येत असेल आणि मानेला मार असण्याची शंका असेल, तर हेल्मेट ओढून काढू नका. व्हायझर उघडा, डोकं हलू देऊ नका, मदत बोलवा. तो स्वतः काढू पाहत असेल तर आधी त्याला बोलतं करा, मान दुखतेय का विचारा.

परत आल्यावर

हा भाग अर्ध्या मिनिटाचा, पण उद्याची फेरी यावर चालते. व्हायझरवरचे किडे ओल्या मऊ कापडाने भिजवून पुसा, कोरडे घासाल तर ओरखडे पडतील. जॅकेट हूकवर, चेन उघडी. बुटांची चेन खाली ओढलेली. मोजे घामेजले असतील तर बोटांत फुंकर मारून जरा फुगवा आणि मनगटाची बाजू खाली करून वाळू द्या. महिन्यातून एकदा तळहाताची शिवण आणि हेल्मेटचा पट्टा बोटाने चाचपा. आणि मोजे वाळले, की किल्ली परत डाव्या मोज्यात.